चाचांच्या पेन्सिलीचं देणं

जुन्या ट्रॅक्टरवरचे नंबर बघून तो कुठल्या मॉडेलचा, कुठल्या कारखान्यातला आणि साधारण कुठल्या सालचा, हे मी आज सांगू शकतो. लोक फोटो पाठवतात, फोन करतात. उत्तर जमलं की कौतुक करतात. ते कौतुक ऐकताना मी अवघडून जातो, कारण त्यातलं माझं स्वतःचं फार थोडं आहे. कराडला एका पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करणारे एक वयस्क मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही चाचाच म्हणायचो. जे काही येतं ते त्यांनी दिलेलं आहे. ते हयात असताना हे त्यांना नीट सांगणं झालं नाही. म्हणून आता लिहितो आहे.

१९७७ साली मी दहावीला इंग्रजीत नापास झालो. घरी थोडी बागायत होती, ऊस होता, पण चार भावंडांना पुरेल एवढं काही नव्हतं. वडिलांनी चाचांना शब्द टाकला आणि मी गॅरेजात जाऊ लागलो. पाने पुसून ठेवायचे, डिझेलमध्ये बेअरिंग धुवायचं, चहा सांगून यायचं, अशी कामं होती. ट्रॅक्टरबद्दलचं माझं ज्ञान रंगापुरतं होतं. लाल दिसला की इंटरनॅशनल, निळा दिसला की फोर्ड, करडा दिसला की फर्ग्युसन. रंग कुणीही कुठलाही देऊ शकतो, हे लक्षात येण्याइतकीही समज नव्हती.

आमच्या भागात तेव्हा बी-२७५ फार. लोक त्याला नुसतं ‘इंटरनॅशनल’ म्हणत. एक दिवस तसाच एक लाल ट्रॅक्टर शेडमध्ये आला. मालकाला क्लचचं सामान हवं होतं. चाचांनी मला विचारलं, “कुठला हाय ह्यो?” मी म्हणालो, “इंटरनॅशनल.” “ते रस्त्यानं जाणारं पोरगंबी सांगंल. कुठला हाय?” मी गप्प. त्यांनी माझ्या हातात वेस्ट दिलं, रॉकेलचा डबा पुढे सरकवला आणि पत्र्याची पाटी दाखवली. “तारेचा ब्रश लावायचा नाय. अक्षर जातंय. भिजवायचं, थांबायचं, पुसायचं.” मळ आणि ग्रीस निघाल्यावर पाटीवर इंग्लंडच्या कंपनीचं नाव दिसलं. मला ते धड वाचताही येत नव्हतं. चाचा म्हणाले, “ह्यो कांदिवलीचा नव्हं. ह्यो बोटीनं आलेला हाय. आता सामान बघून घ्यायला लागंल.”

त्या वाक्यात केवढा इतिहास होता, हे मला फार उशिरा कळलं. बी-२७५ हा मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या ब्रिटिश शाखेचा ट्रॅक्टर. यॉर्कशायरमधल्या कारखान्यात तो १९५८ पासून बनू लागला. १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली, आणि मुंबईत कांदिवलीला हाच ट्रॅक्टर तयार होऊ लागला. मी गॅरेजात आलो त्याच वर्षी, १९७७ मध्ये, ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. आज शोरूममध्ये उभा असतो त्या २७५ डीआयच्या नावातला आकडा त्या जुन्या बी-२७५ वरूनच चालत आला. जुन्याचं इंजिन बीडी-१४४. यातला १४४ म्हणजे चारही सिलिंडरांचं मिळून घनइंचांतलं आकारमान. आपल्या हिशेबात सुमारे दोन हजार तीनशे साठ सीसी. नुसत्या नावाच्या पाटीत एवढं सगळं लिहिलेलं असतं, आणि मी ते रोज फडक्यानं पुसत होतो.

चाचांची वाचण्याची एक पद्धत होती. ते म्हणत, एका ट्रॅक्टरला नंबर एक नसतो, पुष्कळ असतात, आणि त्यातला प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगतो. पहिला पाटीवरचा नंबर. तो संपूर्ण ट्रॅक्टरचा, कारखान्यातून निघताना दिलेला. पण पाटी दोन-चार रिबिटांवर असते. ती काढता येते, दुसऱ्यावर लावता येते. म्हणून चाचा आधी आकडे बघत नसत, रिबीट बघत. जुनी रिबीट आणि पाटी एकत्र झिजलेली असली की त्यांचं समाधान होई. रिबीट नवीन चकचकीत दिसली किंवा बाजूला जास्तीची भोकं दिसली, की ते पुढचं सगळं दुप्पट सावधपणे तपासत. दुसरा नंबर इंजिनचा, बिडाच्या ब्लॉकवर पंचानं ठोकलेला. तो पाटीसारखा सहज काढता येत नाही, पण अख्खं इंजिनच बदललेलं असू शकतं. तिसरे आकडे ओतीव भागांवरचे. गिअर बॉक्सच्या, ॲक्सलच्या, ब्लॉकच्या अंगावर हे उठावदार आकडे ओततानाच आलेले असतात. नवशिक्याची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. तो आकडा मोठा आणि स्पष्ट दिसतो, म्हणून लोक तोच ट्रॅक्टरचा नंबर समजतात. खरं तर तो त्या सुट्या भागाचा नंबर असतो. त्याच नमुन्याचे हजारो भाग ओतले गेले तरी तो तोच राहतो. इंटरनॅशनलच्या भागांवर शेवटी ‘आर’ आणि त्यापुढे आकडा असे. भागाच्या रचनेत सुधारणा झाली की पुढचा आकडा बदले. ओतकामावर कधी कधी ओतल्याची तारीखही सापडते. अर्थात भाग ओतल्यावर तो ट्रॅक्टरला लागेपर्यंत काही काळ जातो, म्हणून ती तारीख जन्माच्या आधीची धरायची.

याखेरीज बाहेरून आलेलं सामान. इंग्लंडमधून आलेल्या ट्रॅक्टरचा डायनामो आणि सेल्फ बहुधा लुकासचा असे, आणि लुकास आपल्या मालावर तो कधी बनला ते ठोकत असे. चाचा डायनामो उतरवला की त्याचं अंग पुसून महिना आणि साल बघत. डायनामो ५८ सालचा आणि पाटीचा नंबरही त्याच काळात बसणारा असला, तर दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत, असं धरायला हरकत नाही. पण डायनामो जळला म्हणून बदललाही असेल. एका साक्षीवर निकाल द्यायचा नाही, हे मी तिथे शिकलो.

आणि शेवटी कागद. आरसी बुकात साल असतं, पण ते नोंदणीचं धरून चालायचं. ट्रॅक्टर कारखान्यातून बाहेर पडला, बोटीत चढला, बंदरात उतरला, व्यापाऱ्याकडे उभा राहिला, आणि मग कधीतरी शेतकऱ्याच्या नावावर चढला. मध्ये वर्ष जाऊ शकतं, जास्तही जाऊ शकतं. आपल्याकडे कर्जाचे कागद याहून बोलके. भूविकास बँकेचं कर्ज असेल तर गहाणखतात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही लिहिलेले असत. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढलेला असे, त्यावरून खरेदीचा काळ कळे. ट्रॅक्टरचा इतिहास तलाठ्याच्या दप्तरातही असतो, हे मला चाचांमुळे कळलं.

चाचा उर्दू शाळेत थोडं शिकलेले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. आकडे येत, आणि अक्षरं ते आकारानं ओळखत. ‘टी’ला ते डोक्यावर आडवी कांब असलेलं म्हणत, ‘ई’ला तीन दात्यांचं. शेडमध्ये बी-२७५ चं एक फाटकं पार्ट्स बुक होतं, पानांना तेलाचे डाग पडलेलं. त्यातली चित्रं त्यांना पाठ होती, पण चित्राखालची ओळ वाचता येत नव्हती. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. “तुला येतंय तेवढं वाच.” मी नापास झालेला मुलगा. घरात, गावात, मास्तरांसमोर मला इंग्रजी येत नाही हे ठरून गेलेलं होतं. ‘मला येतंय तेवढं’ असं काही असू शकतं, असं त्यापूर्वी कुणी म्हणालं नव्हतं.

त्या पुस्तकात एकाच भागासमोर दोन ओळी असत. पहिलीत ‘अप टू सीरियल नंबर’ आणि आकडा. दुसरीत ‘सीरियल नंबर’, त्यापुढचा आकडा आणि ‘अँड अबव्ह’. म्हणजे अमुक नंबरपर्यंतच्या ट्रॅक्टरला हा भाग लागतो, त्यापुढच्यांना तो. मी हे अडखळत वाचून दाखवलं तेव्हा चाचा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. सामान दिसायला सारखं, पण बसत नाही, असा अनुभव त्यांना अनेकदा आलेला होता. कारण इथे छापलेलं होतं. त्या दिवसापासून आमची एक वाटणी झाली. लोखंडावरचं त्यांनी मला शिकवायचं, कागदावरचं मी त्यांना वाचून दाखवायचं. त्या पुस्तकामुळे माझी इंग्रजीची भीती गेली आणि पुढे ऑक्टोबरच्या परीक्षेत तो विषय सुटला. पास झाल्याचं वडिलांच्या आधी चाचांना सांगितलं होतं.

नंबर पुसट असला की चाचा खिशातून पेन्सिल काढत. आरटीओच्या कामाला चेसिसची प्रिंट लागते, हे वाहनवाल्या प्रत्येकाला माहीत आहे. पातळ कागद नंबरावर धरून वरून पेन्सिल आडवी फिरवायची, की ठसा उमटतो. एजंट लोक ते घाईघाईनं करत. चाचांची प्रिंट बघण्यासारखी असे. जागा आधी रॉकेलनं धुवायची, कोरडी करायची. मऊ शिशाची पेन्सिल घ्यायची, टोक काढायचं नाही. कागद हलू नये म्हणून दोन्ही टोकांना बोटं दाबून धरायची आणि पेन्सिल एकाच दिशेनं न्यायची. डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उमटे. तरीही शंका राहिली तर ते अंधार पडायची वाट बघत आणि बॅटरी बाजूनं, अगदी लोखंडाला टेकवून धरत. समोरून उजेड टाकला की आकडा दिसत नाही, कडेनं टाकला की खाचेत सावली पडते आणि दिसतो. आता मोबाईलच्या उजेडातही मी हेच करतो.

या पेन्सिलीनं एका घराचं काय झालं ते मी पाहिलं आहे, आणि माझ्या आयुष्याची दिशा त्या दिवशी ठरली असं मला वाटतं. शेजारच्या तालुक्यातल्या एक बाई आल्या. मालक वारले होते. ट्रॅक्टर विकून मुलीचं लग्न करायचं होतं. कर्ज मालकांनीच फेडून टाकलेलं, पावत्या सगळ्या पिशवीत होत्या. पण कर्ज देणाऱ्या बँकेच्या कागदावरचा इंजिन नंबर आणि आरसी बुकातला इंजिन नंबर यांत एका आकड्याचा फरक होता. बँकेत ३, आरसीत ८. बँक म्हणे, आमच्याकडचं गहाण दुसऱ्या ट्रॅक्टरचं आहे, या ट्रॅक्टरचा बेबाकी दाखला आम्ही कसा देणार? दाखला नाही म्हणून बोजा उतरेना, आणि बोजा आहे म्हणून गिऱ्हाईक मागे हटलेलं. बाई कितीतरी ठिकाणी फिरून आल्या होत्या. कुणी तर त्यांना ट्रॅक्टर चोरीचा असेल असंही ऐकवलं होतं.

चाचांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, मला चहा आणायला पाठवलं. मग ब्लॉकवरची जागा धुतली. आकडा खरोखर ३ सारखा दिसत होता. डिझेलची एक नळी वर्षानुवर्षं तिथे घासत असावी, त्यामुळे आकड्याची डावी बाजू गुळगुळीत झालेली होती. मी म्हणालो, चाचा, हा तीनच आहे. ते काही बोलले नाहीत. प्रिंट काढली, कागद उन्हात धरला आणि मला म्हणाले, “ह्याच नंबरात आणखी एक तीन हाय. तो बघ, मग ह्यो बघ.” मी पाहिलं. त्या दुसऱ्या ३ चं डोकं सपाट होतं, वर आडवी रेघ आणि मग तिरकी. वादातल्या आकड्याचं डोकं गोल होतं. एकाच कारखान्यात, एकाच पंचानं ठोकलेले दोन ३ वेगळे कसे असतील? तो ८ च होता, अर्धा झिजलेला.

त्यांनी तीन स्वच्छ प्रिंटा काढल्या. मी त्यांच्या सांगण्यावरून मराठीत एक साधं पत्र लिहिलं, त्यात दोन्ही आकड्यांचा फरक समजावून सांगितला. प्रिंट सोबत जोडली. बँकेचे अधिकारी स्वतः येऊन बघून गेले आणि काही दिवसांनी दाखला मिळाला. बाईंनी पैसे देऊ केले तेव्हा चाचांनी ते घेतले नाहीत. “नंबर बघायचं पैसं नसतंय,” एवढंच म्हणाले. मी आजपर्यंत नंबर वाचायचे पैसे घेतले नाहीत. हा माझा चांगुलपणा नाही, तो त्यांचा नियम आहे.

पुढे मी गॅरेज सोडलं. एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर नोकरी मिळाली, पगार बांधलेला होता, घरी गरज होती. चाचांनीच दुकानदाराकडे माझी शिफारस केली. काउंटरवर रोज तऱ्हेतऱ्हेचे ट्रॅक्टर कागदावरून भेटत. फोर्डच्या जुन्या मालिकेत तारखेचा एक संकेत असतो, तो मी तिथेच शिकलो. पहिला आकडा साल, मग महिन्याचं अक्षर, मग तारीख आणि शेवटी पाळीचं अक्षर. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी, असं पुढे. पण मध्ये ‘आय’ हे अक्षर गाळलेलं, कारण ते एकच्या आकड्यासारखं दिसतं. त्यामुळे सप्टेंबर म्हणजे ‘जे’. सालाचा आकडा एकच, म्हणून नुसता ५ असेल तर १९६५ की १९७५, हे मॉडेलवरून ठरवायचं. मॅसी फर्ग्युसन ३५ चं आणखी वेगळं. आधी त्याला स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरांचं डिझेल इंजिन होतं, १९५९ पासून पर्किन्सचं तीन सिलिंडरांचं आलं. नाव तेच, बॉनेट साधारण तसंच, पण एकाचं लायनर दुसऱ्याला बसायचं नाही. गिऱ्हाईक नुसतं ‘पस्तीसचे लायनर द्या’ म्हणालं की मी नंबर विचारायचो. काही जण वैतागत. चुकीचं सामान घेऊन वीस कोस माघारी यायला लागू नये, म्हणून विचारत होतो. शेतकऱ्याचा पेरणीचा दिवस गेला तर तो परत येत नाही.

असंच एकदा कोरेगावकडच्या एका वाड्यातून बोलावणं आलं. गोठ्याच्या मागे एक करडा छोटा ट्रॅक्टर पडून होता, भंगारात द्यायचा होता, त्याआधी कुणीतरी जाणत्यानं बघावा अशी म्हाताऱ्या मालकांची इच्छा होती. मी चाचांना बरोबर घेतलं. तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला होता. ते ट्रॅक्टरजवळ बसले आणि मला म्हणाले, “मला दिसत नाय. तू वाच, मी विचारतो.” सगळं उलटं झालं होतं. इतकी वर्षं ते दाखवत आणि मी बघत असे.

मीटरजवळची पाटी मी भिजवून, थांबून, पुसली. अक्षरं आली, टी-ई-डी आणि पुढे २०. नंतर सहा आकडी नंबर. ‘टीई’ म्हणजे इंग्लंडात बनलेला ट्रॅक्टर. अमेरिकेत बनले ते ‘टीओ’. तिसरं अक्षर इंधनाचं आणि प्रकाराचं. ‘ए’ पेट्रोलचा, ‘एफ’ डिझेलचा, आणि ‘डी’ म्हणजे ट्रॅक्टरसाठीच्या खास रॉकेलवर चालणारा. तो पेट्रोलवर सुरू करायचा आणि इंजिन तापलं की रॉकेलवर न्यायचा. मी हे सांगितल्यावर चाचांनी विचारलं, “टाकी बघ. आत दोन खण हायत का?” होते. लहान पेट्रोलचा, मोठा रॉकेलचा. “मग इंजिन?” मी बॉनेटखाली पाहिलं. तिथे दुसऱ्याच कंपनीचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. धरण्यासाठी पट्ट्या वेल्ड केलेल्या होत्या. पाटी एक सांगत होती, इंजिन दुसरं सांगत होतं, आणि टाकी पाटीच्या बाजूनं साक्ष देत होती. चाचा मालकांना म्हणाले, “काका, ह्याला मागनं डिझेल केलेलं हाय.” म्हातारे मालक थोडा वेळ आठवत राहिले आणि मग म्हणाले, हो, थोरल्या भावानं केलं होतं, रॉकेल मिळेना म्हणून.

फर्ग्युसनचे ते ट्रॅक्टर कॉव्हेंट्री शहरातल्या बॅनर लेन कारखान्यात बनत. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडमधल्या शेतकरी घरातला माणूस. अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकनं उचलायची जी रीत आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे असते, ती त्याची. स्टँडर्ड मोटर कंपनीनं त्याच्यासाठी १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनवले. दरवर्षी नंबर कुठून सुरू झाला याच्या याद्या उपलब्ध आहेत. आपला नंबर कुठल्या दोन वर्षांच्या आकड्यांमध्ये बसतो ते बघायचं, एवढंच काम. मात्र प्रत्येक कंपनीची मोजणी एकपासून सुरू होते असं नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टर नव्या मॉडेलची सुरुवात पुष्कळदा ५०१ पासून करी. तिथे ६०० नंबरचा ट्रॅक्टर हा सहाशेवा नसतो, शंभरावा असतो.

त्या वाड्यावरून आल्यावर मी फर्ग्युसनबद्दल मिळेल ते वाचू लागलो. एडमंड हिलरी १९५८ च्या ४ जानेवारीला दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच जातीचे ट्रॅक्टर घेऊन, त्यांना साखळपट्टे बसवून, हे वाचलं आणि तसाच चाचांकडे गेलो. एव्हरेस्टवाले हिलरी त्यांना ठाऊक होते. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, बर्फात ट्रॅक्टर कसा सुरू केला असेल ते विचारलं आणि मग म्हणाले, “त्येंनी नंबर लिवून ठेवलं असतील का?” मला त्या क्षणी हसू आलं नाही. जगाच्या टोकावर गेलेल्या यंत्राबद्दल त्यांना पहिली काळजी ही वाटली की त्याची ओळख कुणी टिपून ठेवली की नाही.

कोरेगावचा तो ट्रॅक्टर भंगारात गेला नाही. मालकांच्या नातवानं तो शेडखाली घेतला. मी मात्र त्या दिवसापासून वही सुरू केली. बघितलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरचा पाटीचा नंबर, इंजिनचा नंबर, ओतीव आकडे, डायनामोची तारीख, आरसीतलं साल, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत. कुठे दोन गोष्टी जुळत नसतील तर त्या तशाच लिहायच्या, जुळवून घ्यायच्या नाहीत. ही शिस्तही चाचांचीच. शंका असेल तिथे ते कागदाच्या कोपऱ्यात एक फुली मारायला सांगत. माझ्या वहीत फुल्या पुष्कळ आहेत. त्यातल्या काही दुसऱ्याच गावच्या एखाद्या ट्रॅक्टरमुळे सुटल्या, बऱ्याच अजून तशाच आहेत.

चाचा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना पुन्हा दिसू लागलं होतं आणि अधूनमधून ते दुकानात येऊन बसत, काउंटरवरून मी गिऱ्हाइकाला नंबर विचारला की मान हलवत. कधी शाबासकी दिल्याचं आठवत नाही. दिली असती तर मला ती पेलवली नसती. गॅरेजातला नापास मुलगा म्हणून मी आयुष्य काढलं असतं. त्यांनी मला काम दिलं, भाषा दिली, आणि पाहिल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय लावली. याची परतफेड कशी करायची ते मला माहीत नाही. नंबर वाचून देणं आणि दुसऱ्याला वाचायला शिकवणं, एवढं मी करू शकतो, ते करतो. दुकानातल्या दोन मुलांना आता चांगली प्रिंट काढता येते.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. घरी, चुलत्यांकडे, मामांकडे जुना ट्रॅक्टर उभा असेल तर तो विकण्याआधी, रंगवण्याआधी नंबर उतरवून घ्या. रंगारी पाटीवरूनच हात फिरवतो, तेव्हा आधी पाटीवर कागदी टेप चिकटवा. पाटी सोडवायचीच झाली तर तिचा आणि तिच्या रिबिटांचा फोटो आधी काढा. ब्लॉकवरच्या नंबराची पेन्सिलीनं प्रिंट घ्या. आरसी बुक, कर्जाचे कागद, खरेदीची पावती रद्दीत टाकू नका, सगळं एका पाकिटात ठेवा. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस हयात असेल तोवर त्यांना विचारा, ट्रॅक्टर कुठून आणला, इंजिन कधी बदललं, पाटी कुणी काढली होती का. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा आणि खाली तारीख घाला.

आणि ३ आहे की ८, अशी शंका आली तर घाई करू नका. त्याच नंबरातला दुसरा ३ शोधा.